यू मुंबाचा सातबारा

आमच्या पनवेल तालुक्यात माणसाची ओळख दोन प्रश्नांत होते. पहिला प्रश्न, "गाव कंचं?" आणि दुसरा, "सातबारा कोणाच्या नावावर?" पहिल्याचे उत्तर लहान मूलही देते. दुसऱ्याचे उत्तर द्यायला कधीकधी तीन पिढ्या आणि एक वकील लागतो. १९७० नंतर नव्या मुंबईसाठी या पट्ट्यातल्या जमिनी गेल्या. तेव्हापासून तर सातबारा हा शब्द आमच्याकडे देवाच्या नावासारखा दिवसातून चार वेळा उच्चारला जातो.

सातबारा म्हणजे एकच कागद, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः ते दोन नमुने आहेत. गाव नमुना सात हे अधिकाराचे पत्रक: जमीन कोणाची, हे त्यात लिहिलेले असते. गाव नमुना बारा ही पिकांची नोंद: त्या जमिनीत काय पिकले, हे त्यात असते. मालकी वेगळी आणि पीक वेगळे, हा भेद ज्याने केला त्याला माणसांचे व्यवहार चांगले कळत असले पाहिजेत.

आता कोणी म्हणेल, लेखाच्या मथळ्यात कबड्डीच्या संघाचे नाव आणि ही बाई तलाठ्याच्या दप्तरात काय शोधते आहे? सांगते. यू मुंबा हा मुंबईचा व्यावसायिक कबड्डी संघ. गेली अकरा-बारा वर्षे आमच्या कोन गावात त्याला 'आपली मुंबा' म्हणतात. संघ जिंकला तर "आपण जिकलो" आणि हरला तर "त्यांनी घालवली" अशी आमची सोयीस्कर व्याकरणपद्धती आहे. बाबांना वर्तमानपत्राचे शेवटचे पान वाचून दाखवण्याचे काम लहानपणापासून माझ्याकडे आहे. घरात भरभर वाचणारी तेव्हा मी एकटीच होते. त्या पानावरून या संघाचा इतिहास मी एका वहीत उतरवीत गेले, आणि वही भरत आली तसा मला हा प्रश्न पडू लागला: ही मुंबा 'आपली' कोणत्या अर्थाने?

आधी नमुना सात पाहू. कागद स्वच्छ आहे. २०१४ साली आनंद महिंद्र आणि चारू शर्मा यांच्या पुढाकाराने प्रो कबड्डी लीग सुरू झाली. आठ संघ उद्योगपतींनी आणि सिनेनटांनी घेतले. मुंबईचा संघ रॉनी स्क्रूवाला यांच्या युनिलेझर कंपनीने घेतला आणि त्याचे नाव 'यू मुंबा' ठेवले. म्हणजे मालकीच्या रकान्यात एकच नाव, वारसांची भानगड नाही, भाऊबंदकी नाही. आमच्या गावातल्या कित्येक घरांना हेवा वाटावा असा सातबारा!

२६ जुलै २०१४ रोजी वरळीच्या बंदिस्त क्रीडागृहात लीगचा पहिलाच सामना झाला. यू मुंबाने जयपूर पिंक पँथर्सला ४५-३१ असे हरवले. मी तेव्हा आठ वर्षांची होते. मला आठवतो तो गुणफलक नव्हे, तर गावातल्या माणसांचा अचंबा. जो खेळ जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मैदानात पाणी शिंपडून, चुन्याच्या रेघा मारून आणि विजेचे दिवे भाड्याने आणून खेळायचा, तो निळ्या-लाल मॅटवर, बूट घालून, तीस सेकंदांच्या घड्याळावर चालला होता. चढाई करणाऱ्याच्या पायाचा अंगठा बोनस रेषेच्या पुढे गेला की नाही, हे पुन्हापुन्हा दाखवीत होते. आमच्याकडे या प्रश्नाचा निकाल आवाजाच्या जोरावर लागतो.

त्या वर्षी अंतिम सामन्यात मात्र त्याच जयपूरने मुंबाला ३५-२४ असे हरवले. २०१५ साली मुंबाने त्याची भरपाई केली. साखळीत पहिला क्रमांक आणि २३ ऑगस्टला मुंबईतच अंतिम सामन्यात बेंगळुरू बुल्सवर ३६-३० असा विजय. आमच्या आळीत त्या रात्री दिवाळीतले उरलेले फटाके निघाले. पावसाळ्यात ते अर्धेच वाजले, तरी वाजले. २०१६ च्या मार्चमध्ये संघ तिसऱ्यांदा अंतिम फेरीत गेला आणि दिल्लीत पाटणा पायरेट्सकडून ३१-२८ असा हरला. पहिल्या तीन हंगामांत तीन अंतिम सामने! या तिन्ही वर्षी कर्णधार एकच, अनुप कुमार. हा हरियाणातल्या पोलिसदलातला माणूस. चढाईला जाताना घाई नाही, आरडाओरड नाही. बोनस घेऊन असा परत यायचा की जणू शेजारच्या घरी साखर मागायला गेला होता. त्याच्या हाताखाली शब्बीर बापू, रिशांक देवाडिगा, विशाल माने, मोहित छिल्लर, सुरेंदर नाडा असे खेळाडू होते. हरियाणाचा कर्णधार मुंबईचा कसा, हा प्रश्न त्या दिवसांत आमच्या गावात कोणालाही पडला नाही. तो बोनस घेत होता, एवढे पुरेसे होते.

इथवरचा इतिहास कुठेही मिळेल. परंतु जमीन ज्याने घेतली त्याच्या आधी ती कोणी तरी कसलेली असतेच. ही नोंद शोधायला मला फार लांब जावे लागले नाही. ती आमच्या कोनमध्येच राहायला आली होती.

डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी घरांची सोडत निघाली आणि त्यात कोन येथील २,४१७ घरे होती. ती लगेच मिळाली नाहीत. मधल्या काळात कोविडच्या साथीत त्या इमारतींत विलगीकरण केंद्र होते. घरे हाती यायला कित्येक वर्षे गेली. अखेर एकेक कुटुंब येऊ लागले आणि त्यांच्याबरोबर लालबाग-परळच्या गोष्टीही आल्या. त्यांतल्या एका आजोबांशी माझी ओळख वाण्याच्या दुकानात झाली. ते मूळचे महाडकडचे, विणकर खात्यात होते. टीव्हीवर मुंबाचा सामना चालू होता आणि ते खेळाडूंना नावाने नव्हे, जागेने हाका मारत होते: "डाव्या कोपऱ्या, मागं हो! मध्यरक्षका, साखळी सोडू नको!"

त्यांच्याकडून मला जे कळले ते असे. कोकणातून आणि घाटावरून मुंबईत आलेल्या पोरांजवळ दोनच गोष्टी असत, अंग आणि गाव. एका गाळ्यात दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत. बॅट-बॉल घ्यायला पैसे नसत आणि मैदानाला जागा नसे. कबड्डीला दोन्ही लागत नाहीत. पाळी सुटली की चाळीच्या पटांगणात शर्ट काढून उतरायचे. हुतुतूचा दम गावाहूनच आलेला असे. गल्लीगल्लीला मंडळ निघाले, मंडळांमंडळांत चुरस लागली. दादरचा विजय क्लब, वरळीचे गोल्फादेवी, महिलांत शिवशक्ती ही नावे आजही कबड्डीच्या जाणकारांना तोंडपाठ आहेत. चांगला खेळणाऱ्याला रेल्वेत, बँकेत किंवा कंपनीत नोकरी लागे. हीच त्या काळची व्यावसायिक कबड्डी. पैसे खेळाचे नव्हेत, नोकरीचे मिळत. पण नोकरी खेळामुळे मिळे.

या सर्वांवर छत्र धरणारे शंकरराव तथा बुवा साळवी. त्यांना महाराष्ट्र 'कबड्डीमहर्षी' म्हणतो आणि त्यांचा १५ जुलै हा जन्मदिवस कबड्डी दिन म्हणून पाळतो. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचे प्रात्यक्षिक केले होते. पुढे १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डी आली आणि भारताला सुवर्णपदक मिळाले. या चौपन्न वर्षांत खेळ जिवंत ठेवला तो मंडळांनी, शाळांतल्या शिक्षकांनी आणि पटांगणांनी. म्हणून २०१४ साली लीगवाल्यांना प्रेक्षक निर्माण करावा लागला नाही. तो तयारच होता, फक्त त्याला कोणी विचारले नव्हते. ज्या क्रीडागृहात मुंबा पहिला सामना खेळली, ते गिरणगावापासून फार दूर नाही. तोवर तिथल्या चिमण्यांतून धूर निघणे केव्हाच थांबले होते.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पुष्कळजण परत आत गेलेच नाहीत. आजोबा त्यांतले एक. त्यांच्या बोलण्यात मात्र अजूनही 'आमची मिल' असाच उल्लेख येतो. मी एकदा न राहवून विचारले, "आजोबा, मिल तुमची कशी? ती तर मालकाची होती ना?" ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पोरी, मालकाला तिचा भोंगा कधी ऐकू येत होता?"

या उत्तराने माझ्या वहीतली बरीच पाने मला पुन्हा वाचायला लावली.

कारण २०१६ नंतरचा मुंबाचा इतिहास हा पुष्कळसा कागदाचा इतिहास आहे. चौथ्या हंगामात संघ उपांत्य फेरीत पोचला नाही. २०१७ साली संघ आठाचे बारा झाले, पण मुंबाला पुढची फेरी गाठता आली नाही. २०१८ च्या लिलावात अनुप कुमार तीस लाख रुपयांना जयपूरकडे गेला. तेच जयपूर, ज्याला हरवून त्याने सुरुवात केली होती! त्याच वर्षी डिसेंबरात तो निवृत्त झाला, जयपूरच्या कपड्यांत. मी बातमी वाचून दाखवली तेव्हा बाबा म्हणाले, "आपला माणूस आपल्या मैदानातून नको का जायला?" या वाक्यातला 'आपला' मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला.

त्यानंतर इराणचा फझल अत्राचली कर्णधार झाला आणि आम्ही त्यालाही आपला म्हटले. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई एक हंगाम मुंबाकडून असा खेळला की विरोधी बचावफळी दोन्ही बाजूंना पसरे. पुढच्याच वर्षी तो तेलुगू टायटन्सकडे गेला. २०१९ साली संघ उपांत्य फेरीत बंगाल वॉरियर्सकडून ३७-३५ असा केवळ दोन गुणांनी हरला. २०२० साली साथीमुळे लीग झालीच नाही. पुढचा हंगाम बेंगळुरूत एकाच ठिकाणी, रिकाम्या खुर्च्यांसमोर झाला. २०१५ नंतर मुंबाला पुन्हा अजिंक्यपद मिळालेले नाही. शेजारच्या पुणेरी पलटणने मात्र १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून ते मिळवले. कर्णधार नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. आमच्या गावात त्या रात्री फटाके वाजले नाहीत, पण झोपले मात्र कोणी नव्हते.

सर्वांत चमत्कारिक गोष्ट पुढेच आहे. जानेवारी २०२४ मध्ये वरळीला लीगचे काही दिवस सामने झाले. त्यानंतरच्या दोन हंगामांत मुंबईत एकही सामना झाला नाही. २०२४ च्या उत्तरार्धात लीग हैदराबाद, नोएडा आणि पुणे येथे खेळली गेली. २०२५ मध्ये ती विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली येथे झाली. मुंबईचा संघ, मुंबईच्या नावाने, मुंबईबाहेर! संघाचे नाव राहिले, गाव सुटले.

हे आपल्याकडेच घडते असे नव्हे. हॉकी म्हटली की आपल्याला ध्यानचंद आठवतात. परंतु कॅनडा आणि अमेरिकेत बर्फावरची हॉकी हा मोठा व्यावसायिक खेळ आहे. त्यांची मुख्य लीग १९१७ साली माँट्रियलला स्थापन झाली. तिथे कॅनडातल्या क्वेबेक शहराचा 'नॉर्डिक्स' नावाचा एक संघ होता. १९९५ साली तो विकला गेला आणि घेणाऱ्यांनी तो अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरी नेला, नावही बदलले. दुसऱ्याच वर्षी, १९९६ साली, त्या संघाने त्या खेळातला सर्वांत मानाचा स्टॅन्ली चषक जिंकला. खेळाडू पुष्कळसे तेच. ज्यांनी वर्षानुवर्षे थंडीत जाऊन आरोळ्या ठोकल्या, त्या क्वेबेकच्या लोकांनी तो विजय दुसऱ्याच्या नावाने पाहिला. त्या लीगमध्ये क्वेबेक शहराचा संघ त्यानंतर पुन्हा आला नाही. मी ही हकीकत आजोबांना सांगितली. त्यांना क्वेबेक कुठे आहे ते माहीत नव्हते, पण बाकीचे सगळे ताबडतोब कळले.

म्हणून व्यावसायिक संघ ही फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. पहिल्या लिलावात, २०१४ साली, सर्वांत महाग खेळाडू राकेश कुमार १२ लाख ८० हजारांना गेला होता. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजार मिळाले. मुंबाने ३६ लाख ४० हजारांना घेतलेल्या सिद्धार्थ देसाईला पुढच्याच वर्षी १ कोटी ४५ लाख मिळाले. पूर्वी उत्तम खेळून मंडळाला चषक आणि स्वतःला फार तर एखादी नोकरी मिळे. आता गुडघा शाबूत आहे तोवर चार पैसे गाठीला बांधता येतात. जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्राने हैदराबादेत सेनादलाला ३४-२९ असे हरवून बऱ्याच वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. त्या संघाचा कर्णधार रिशांक देवाडिगा होता, मुंबाच्या सुरुवातीच्या वर्षांतला आमचा लाडका चढाईपटू. मोठ्या सामन्यांची सवय खेळाडूला उपयोगी पडतेच. भाड्याची जमीन असली तरी पीक आले हे कबूल केलेच पाहिजे.

फक्त हे पीक अर्ध्याच घराला मिळाले. माझी धाकटी बहीण नववीत आहे. शाळेच्या संघात डावा कोपरा सांभाळते आणि घोट्याची पकड अशी घालते की सरावाला आलेले मुलगेही जपून चढाई करतात. मागच्या वर्षी तिने मला विचारले, "ताई, मुंबाचा मुलींचा संघ कोणता गं?" मी वही चाळली. २०१६ च्या पावसाळ्यात लीगच्या जोडीने महिलांची एक छोटी स्पर्धा झाली होती. तीन संघ होते. आइस दिवाजचे नेतृत्व आपल्या अभिलाषा म्हात्रेकडे होते. अंतिम सामना स्टॉर्म क्वीन्सने फायर बर्ड्सविरुद्ध २४-२३ असा एका गुणाने जिंकला. त्यानंतर ती स्पर्धा पुढे चालली नाही. २०१२ साली पाटण्याला भारताच्या मुली विश्वविजेत्या झाल्या, २०२५ च्या नोव्हेंबरात ढाक्याला पुन्हा झाल्या. तरी मुंबाच्या जर्सीत मुलींचा संघ अजून उतरलेला नाही. मी बहिणीला हे सगळे सांगितले. ती म्हणाली, "मग मी कोणासाठी ओरडू?" या प्रश्नाला माझ्या वहीत उत्तर नव्हते.

आमच्या रायगड जिल्ह्याला मालक आणि कसणारा यांच्यातला वाद नवा नाही. अलिबागजवळ चरी येथे १९३३ पासून शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली सहा वर्षे संप केला, आणि कुळकायद्याची वाट तिथून निघाली. कसेल त्याची जमीन हे तत्त्व आमच्या आज्या-पणज्यांनी उपाशी राहून मिळवलेले आहे. ओरडेल त्याचा संघ, असा कायदा मात्र अजून कोणी केलेला नाही आणि होईल असे वाटत नाही. तसा तो व्हावा असाही माझा हट्ट नाही. उद्या रॉनी स्क्रूवाला यांनी संघ विकला, दुसऱ्या शहरी नेला, तर कोनच्या एकाही माणसाची सही लागणार नाही. ते नमुना सातमध्ये आहे आणि ते मान्य केले पाहिजे.

परंतु नमुना बारा शिल्लक राहतोच. त्यात अनुप कुमारचे बोनस आहेत तसे चाळीच्या पटांगणातले खरचटलेले कोपरेही आहेत. पाळी सुटल्यावर घातलेली पकड, बुवा साळवींची धडपड आणि आमच्या आळीतले अर्धे वाजलेले फटाकेही आहेत. ही नोंद कोणत्या तलाठ्याकडे नसते. ती ठेवायची तर आपणच ठेवली पाहिजे, नाहीतर पुढे कोणी विचारील तेव्हा फक्त मालकाचे नाव वाचता येईल. मिल गेली, चिमणी पाडली, त्या जागी टोलेजंग इमारत झाली, तरी आजोबांची 'आमची मिल' पुसली गेली नाही. कारण भोंगा त्यांनी ऐकला होता.

बहिणीला मी आता एवढेच सांगितले आहे की, तू खेळत राहा; ओरडण्याचे आम्ही पाहू. गावातल्या मैदानावर सध्या मुलींना संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा हा वेळ मिळाला आहे, आणि तो मिळवायला तिने आणि तिच्या मैत्रिणींनी मंडळाच्या मुलांशी तीन आठवडे भांडण केले. माझी वही भरली. आज मी नवी घेतली आणि पहिल्या पानावर त्यांच्या सात जणींची नावे लिहिली.